पुढच्या वर्गाची मान्यता

बारावीनंतर पुढं काय, हा प्रश्न आमच्या भागात 1977 नंतर उभा राहिला. दहा अधिक दोन अधिक तीन असा नवा आकृतिबंध आला, 1975 साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि 1977 साली बारावीची. गावोगावच्या हायस्कुलांना अकरावी-बारावीचे वर्ग जोडले गेले. तोवर मॅट्रिक झालेला पोरगा एकतर घरच्या कामाला लागायचा, नाहीतर विटा, कराड, सांगली गाठायचा. आता बारावी गावातच होऊ लागली आणि दरवर्षी जूनमध्ये बारावी पास झालेली पंचवीस-तीस पोरं-पोरी घरी बसलेली दिसू लागली. त्यांतले काही मुलगे बाहेर पडायचे. मुलींची लग्नं व्हायची.

आमचा भाग म्हणजे सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा, खानापूर-आटपाडीचा दुष्काळी पट्टा. कुसळाची माळरानं, ज्वारी-बाजरी आणि मेंढरं. 1972 च्या दुष्काळाच्या आधीपासून इथली माणसं पोटासाठी देशभर गेलेली आहेत, ती गलाईच्या धंद्यात. सराफाच्या दुकानातली झाडलोटीची माती, राख, जुने दागिने वितळवून, तेजाबात घालून त्यातून शुद्ध सोनं-चांदी वेगळी करायची, हे ते काम. केरळ, तामिळनाडू, बंगाल, पंजाब, कुठल्याही गावच्या सराफ कट्ट्यावर आमच्याकडचा माणूस सापडतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमचं कॉलेज या लोकांच्या डिमांड ड्राफ्टवर उभं राहिलं.

मी त्या कॉलेजचा पहिला कारकून. विट्याहून बी.कॉम. होऊन आलो होतो, टायपिंग येत होतं, म्हणून संस्थेनं बोलावलं आणि मी निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलो, शेवटी कार्यालय अधीक्षक म्हणून. कॉलेजच्या स्मरणिकांमध्ये अध्यक्षांबद्दल, प्राचार्यांबद्दल, देणगीदारांबद्दल छापून आलेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण कॉलेज निघतं कसं, टिकतं कसं आणि वाढतं कसं, हे ऑफिसातल्या माणसाला जसं दिसतं तसं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. ते लिहायचं फार दिवस मनात होतं.

संस्थेची नोंदणी ही त्यातली सोपी पायरी. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन नोंदण्या लागतात आणि दोन्ही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. सात सभासद, घटना, ठराव, कोर्ट फी स्टॅम्प. संस्थेचे अध्यक्ष स्वतः रयतचे विद्यार्थी. बोर्डिंगात राहून, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकलेले. कर्मवीर अण्णांनी ते कॉलेज 1947 साली काढलं तेव्हा गरिबाच्या मुलाला फीशिवाय शिकता यावं हाच त्यामागचा विचार होता. आमच्या अध्यक्षांच्या प्रत्येक भाषणात लक्ष्मीबाई वहिनींनी बोर्डिंगातल्या मुलांसाठी मंगळसूत्र मोडल्याची गोष्ट यायची आणि दर वेळी त्यांचा आवाज कापरा व्हायचा. त्या माणसाची निष्ठा मी चाळीस वर्षं जवळून पाहिली आहे. त्यांनी संस्थेचा चहासुद्धा स्वतःच्या खिशातून पाजला.

जमिनीचा मामला मात्र लांबला. विद्यापीठाला जागा संस्थेच्या नावावर हवी होती, भाड्याची चालणार नव्हती. गावातल्या एका शेतकऱ्यानं माळावरची पाच एकर द्यायचं कबूल केलं. सातबारा काढला तर त्यावर त्याच्याबरोबर तीन बहिणींची नावं. वडील वारले तेव्हा वारसनोंद झालेली, वाटप झालेलं नव्हतं. म्हणजे बक्षीसपत्रावर चौघांच्याही सह्या हव्यात. दोन बहिणी जवळच दिलेल्या होत्या, त्या आल्या. थोरली पंढरपूरकडं होती. अध्यक्ष, मी आणि तो भाऊ असे तिघं तिच्या घरी गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, मग म्हणाली, "जमीन द्या की, माझं काय म्हणणं न्हाई. पन त्या रानातनं खालच्या हिरीला जी वाट जातीया, ती बंद करायची न्हाई. वस्तीवरच्या बायका त्याच वाटंनं पानी आनत्यात." अध्यक्षांनी तिथल्या तिथं तसं लिहून द्यायची तयारी दाखवली. तिनं अंगठा दिला. बक्षीसपत्रात वाटेचं कलम घातलं गेलं, आणि पुढं कंपाउंडची भिंत बांधली तेव्हा त्या बाजूला सहा फुटांची मोकळी जागा सोडलेली आहे. विहीर आता कुणी वापरत नाही, घरोघर नळ आले. वाट आहे तशी आहे. भिंत पूर्ण करून घ्या असं नंतरच्या एका तपासणीत लिहून आलं होतं, त्याला आम्ही बक्षीसपत्राची प्रत जोडून उत्तर पाठवलं.

त्यानंतर फेरफार, मग बिनशेती परवानगी, मग विद्यापीठाकडं अर्ज. आमचा भाग कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली येतो. 1962 साली हे विद्यापीठ झालं नसतं तर आमच्यासारख्या गावांना पुण्याच्या दारात उभं राहावं लागलं असतं. कॉलेज काढायचं तर विद्यापीठानं शिफारस करायची आणि शासनानं मान्यता द्यायची, अशी रीत. पुढं 1994 च्या कायद्यानं बृहत आराखडा आला. कुठल्या तालुक्यात कोणतं कॉलेज हवं हे विद्यापीठानं आधी ठरवायचं आणि त्या यादीत गाव असेल तरच अर्ज करायचा. 2016 च्या कायद्यात त्याच्या जोडीला इरादापत्र आलं. आमच्या वेळी आराखडा नव्हता. होता तो स्थानिक चौकशी समितीचा धाक.

ती समिती आली त्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो. तीन प्राध्यापक आणि विद्यापीठाचे एक अधिकारी. कॉलेजला तेव्हा इमारत नव्हती, हायस्कूलच्या चार खोल्या दुपारच्या वेळेत आम्हाला दिलेल्या होत्या. पुस्तकं होती ती गलाईवाल्यांच्या पैशातून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेली, पोत्यात भरून एसटीच्या टपावर टाकून. ग्रंथपाल अजून नेमलेला नव्हता. दाखल नोंदवही मीच लिहिली होती. समितीतल्या एका वयस्कर सरांनी ती वही मागवली, मधलंच एक पान उघडलं, एका नोंदीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे पुस्तक आणा." अर्थशास्त्राचं होतं. कपाटात नव्हतं. वर्ग सुरू व्हायच्या आधीच बारावी झालेला एक मुलगा ते वाचायला घेऊन गेला होता, आणि मी त्याची नोंद देवघेवीच्या वहीत घेतली होती. सरांनी देवघेवीची वही पाहिली. मग विचारलं, मुलगा कुठं आहे. मुलगा मेंढरांमागं होता. शिपाई सायकलवर गेला आणि तासाभरानं त्याला घेऊन आला. पुस्तक त्याच्या पिशवीत, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. सरांनी त्याला दोन-तीन प्रश्न विचारले. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, मी दाराबाहेर होतो. अहवालात ग्रंथालयाबद्दल चांगला शेरा आला.

मान्यता आली ती फक्त प्रथम वर्ष कला आणि वाणिज्यची, एका वर्षासाठी, विनाअनुदान तत्त्वावर.

हे इथं नीट समजून घ्यायला हवं. बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉलेजला मान्यता मिळाली म्हणजे कॉलेज झालं. तसं नसतं. पहिल्या वर्षी प्रथम वर्ष. दुसऱ्या वर्षी द्वितीय वर्षाचा वर्ग हवा तर त्याचा वेगळा प्रस्ताव, वेगळी फी, पुन्हा समिती, पुन्हा त्रुटींची पूर्तता. शासनाच्या भाषेत याला नैसर्गिक वाढ म्हणतात. तिसऱ्या वर्षी तृतीय वर्षाचा प्रस्ताव. आणि त्याच वेळी आधीच्या वर्गांची संलग्नता दरवर्षी पुढं चालू ठेवून घ्यायची. पाच वर्षं झाल्यावर कायम संलग्नतेसाठी अर्ज करता येतो, तोवर सगळं तात्पुरतं. पहिल्या तुकडीची पोरं द्वितीय वर्षाची परीक्षा देत असायची आणि तृतीय वर्षाची मान्यता आलेली नसायची. त्यांचे पालक ऑफिसात येऊन विचारायचे, "साहेब, पुढचा वर्ग निघंल न्हवं?" मी निघेल म्हणायचो. जून उलटून जुलै लागायचा तेव्हा पत्र यायचं. त्या पत्राची वाट पाहण्यात जीवाची जी घालमेल व्हायची ती मी कुठल्याही घरच्या कार्यात अनुभवली नाही.

विनाअनुदान म्हणजे शासन पगार देणार नाही. 1983 साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. वसंतदादा आमच्याच जिल्ह्याचे. त्या निर्णयानं महाराष्ट्रातल्या मुलांची इंजिनिअर व्हायची सोय इथंच झाली, हे मी मानतो. पण अभियांत्रिकीला फी भरणारे पालक मिळतात. दुष्काळी तालुक्यातल्या बी.ए.च्या मुलाकडून काय फी घेणार? बहुतेक मुलं फी-सवलतीतली, नाहीतर शिष्यवृत्तीची. तेव्हा प्राध्यापकांचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न दर महिन्याच्या तीस तारखेला उभा राहायचा. आदेशात 2200-4000 ची वेतनश्रेणी लिहिलेली आणि हातात पाचशे-सातशे रुपये, तेही दोन-दोन महिन्यांनी. चांगले शिकवणारे दोघंजण सोडून गेले, दुसरीकडं अनुदानित जागा मिळाली म्हणून. त्यांना कुणी दोष दिला नाही. जे राहिले त्यांपैकी इतिहासाचे सर सुट्टीच्या दिवशी भावाच्या रानात काम करायचे. मराठीचे सर गावातल्या एका घराच्या माडीवर फुकट राहायचे, जेवायला रोज वेगवेगळ्या घरी. याला वार लावून जेवणं म्हणतात, आणि ही पद्धत विद्यार्थ्यांसाठी असते. आमच्याकडं प्राध्यापकासाठी होती.

दिवाळी आणि यात्रेला गलाईवाले गावी यायचे. अध्यक्ष त्यांची बैठक लावायचे देवळात. मी पावतीपुस्तकं घेऊन बसायचो. कुणी एका प्राध्यापकाचा वर्षाचा पगार उचलायचं, कुणी बाकं. एकजण दरवर्षी कोइमतूरहून ड्राफ्ट पाठवायचा आणि सोबत चार ओळींचं पत्र, त्यात नेहमी एकच मजकूर असायचा, की पोरींना कमी पडू देऊ नका. त्याला तीन बहिणी होत्या आणि एकही सातवीच्या पुढं शिकलेली नव्हती, हे मला नंतर कळलं.

पोरींचा विषय आला म्हणून सांगतो, कारण माझ्या मते आमच्या कॉलेजची खरी वाढ तिथून झाली. पहिली दोन-तीन वर्षं मुली होत्या त्या गावातल्याच, बोटावर मोजण्याइतक्या. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुली बारावीपर्यंत यायच्या आणि थांबायच्या. कारण कॉलेज सकाळचं होतं, साडेसातचं, आणि सकाळी एसटी नव्हती. सकाळचं का, तर हायस्कूलच्या खोल्या नंतर आम्हाला सकाळच्या वेळेत दिल्या गेल्या, आणि मुलांनाही दुपारी रानातली कामं असायची. वेळ बदलणं शक्य नव्हतं. गाडी आणणं शक्य होतं.

एसटीकडं गाडी मागायची तर आगार व्यवस्थापक पहिला प्रश्न विचारतात, भारमान किती? म्हणजे गाडीत माणसं किती बसणार. आमच्या प्राचार्यांनी मला सांगितलं, तुम्ही गावोगाव जाऊन याद्या करा. मी बारावीच्या वर्गात असलेल्या आणि बारावी होऊन घरी बसलेल्या मुलींच्या याद्या केल्या. गाव, वस्ती, कॉलेजपासूनचं अंतर, घरात कोण आहे, गाडी आली तर पाठवाल का. बरेच बाप म्हणाले, गाडी दारात आली तर पाठवू. काही आयांनी बापाला मध्येच थांबवून हो म्हटलं. ती यादी, त्याला ग्रामपंचायतींचे ठराव आणि हायस्कूलचे दाखले जोडून अर्ज आगारात दिला. उत्तर आलं की सकाळी एवढ्या लवकर गाडी सोडायची तर ती आदल्या रात्री शेवटच्या गावी मुक्कामी असायला हवी आणि चालक-वाहकाच्या झोपण्याची, पाण्याची सोय गावानं करायला हवी. शेवटच्या गावानं मारुतीच्या देवळामागची खोली दिली. तिथल्या तालमीच्या पोरांनी ती सारवली, दोन खाटा टाकल्या, पाण्याचा रांजण ठेवला, आणि रात्री वाहकाला जेवायला कोण बोलावणार याचे वार ठरवले. पुढच्या जूनपासून मुक्कामी गाडी सुरू झाली.

गाडी सुरू झाली त्या वर्षी प्रथम वर्षाच्या हजेरीपटावर मुलींची नावं पान उलटून पुढच्या पानावर गेली. विद्यार्थ्यांना मासिक पासात 66.67 टक्के सवलत असते, पण पासासाठी कॉलेजचा दाखला लागतो, शिक्के लागतात, आगाराला यादी लागते. हे काम महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी इतर सगळी कामं बाजूला ठेवून करायचो. एका मुलीचा पास चुकला तर ती त्या महिन्यात येत नाही, आणि एक महिना घरी राहिलेली मुलगी पुढच्या महिन्यात परत येईलच याची खात्री नसते. कारकुनी कामाला लोक रटाळ म्हणतात. मला ते काम कधी रटाळ वाटलं नाही.

आणि इथंच बाकीची सगळी गणितं जोडलेली आहेत. वर्गात मुलं किती यावर तुकड्या ठरतात, तुकड्यांवर आठवड्याचा कार्यभार, कार्यभारावर पदं. विशेष विषयाला पुरेशी मुलं नाहीत तर तो विषय बंद होतो आणि तो शिकवणारा प्राध्यापक अतिरिक्त ठरतो. आमचा भूगोल असा दोनदा बंद पडता पडता राहिला, आणि दोन्ही वेळा तो वाड्यांवरून येणाऱ्या मुलींनी घेतला म्हणून राहिला. विद्यापीठातल्या फायलीत भूगोलाचं एक पूर्णवेळ पद मंजूर असल्याची नोंद आहे. त्या नोंदीच्या मुळाशी देवळामागची ती खोली आहे, असं मला मनापासून वाटतं.

अनुदान आलं ते टप्प्याटप्प्यानं, आणि ते आलं तेव्हा गावात पेढे वाटले. मग वेतननिश्चिती, सेवापुस्तकं, सहसंचालक कार्यालयाची पथकं, लेखापरीक्षणाचे आक्षेप. जुन्या नेमणुका नियमात बसतात की नाहीत याची छाननी. जाहिरात कधी दिली, निवड समितीत कोण होतं, विद्यापीठाची मान्यता कोणत्या तारखेची, आरक्षणाची बिंदुनामावली तपासलेली आहे का. ज्यांनी पाचशे रुपयांत दिवस काढले त्यांच्यापैकी एकाची मान्यता एका तारखेच्या घोळामुळं अडकली आणि ती सुटेपर्यंत त्यांचे वडील गेले. त्याहून मोठा घोळ नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांचा. 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात त्या परीक्षा पास न होता नेमलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न महाराष्ट्रभर किती वर्षं लोंबकळत राहिला हे कॉलेजात काम केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. 27 जून 2013 च्या शासन निर्णयानं तो सोडवायचा प्रयत्न झाला, त्यावरही पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या. आमच्या दोघांच्या सेवापुस्तकात त्या काळातल्या पानांवर इतके शेरे आहेत की मूळ नोंद शोधावी लागते.

तरी आम्ही सुदैवी. 2001 नंतर निघालेल्या कॉलेजांच्या मान्यतेच्या पत्रातच 'कायम विनाअनुदानित' असे शब्द आले. आमच्यासारखंच एखादं गाव, तशीच माणसं, पण दहा-पंधरा वर्षं उशिरा जागं झालेलं. तिथले प्राध्यापक आजही त्या पाचशे-सातशेच्या आजच्या काळातल्या भावानं राबतायत. हे मला पटत नाही, आणि मी ते प्रत्येक ठिकाणी बोलतो. सार्वजनिक पैशातून शिक्षण हा मुलांचा हक्क असेल, तर तो कॉलेजच्या स्थापनेच्या तारखेवरून ठरता कामा नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2 (एफ) आणि 12 (बी) या यादीत, म्हणजे आयोगाच्या अनुदानाला पात्र कॉलेजांच्या यादीत, नाव लागलं तेव्हा पहिल्यांदा दिल्लीहून पैसा आला. त्यातून ग्रंथालयाची स्वतंत्र खोली झाली, आणि अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात मुलींचं वसतिगृह. वसतिगृहाच्या हिशोबाची उपयोगिता प्रमाणपत्रं मी लिहिली आहेत. वीट, सळई, सिमेंट असं सगळं त्या फायलीत आहे. त्यात नाही ते इतकंच, की दुष्काळी साली पाण्याचा टँकर गावातल्या टाकीच्या आधी वसतिगृहाला द्यायचा, असं ग्रामसभेनं ठरवलं होतं. ठराव मांडणारी बाई सरपंच होती आणि ती आमच्या दुसऱ्या तुकडीची विद्यार्थिनी.

तिच्यासारख्या आणखी किती आहेत हे मला नॅकमुळं, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासून ग्रेड देणाऱ्या परिषदेमुळं समजलं. बंगळुरूच्या या परिषदेची स्थापना 1994 ची, पण आमच्याकडं तिचा धसका पोचला बऱ्याच नंतर. स्वयंमूल्यमापन अहवाल लिहायचा, पुरावे जोडायचे, मग तीन जणांचं पथक येऊन पाहणार. प्राध्यापक मंडळी इंग्रजी मजकुरात गुंतली होती. माझ्याकडं माजी विद्यार्थ्यांची माहिती काढायचं काम आलं. मी कॉलेज सोडल्याच्या दाखल्यांची सगळी बुकं काढली आणि पहिल्या तुकडीपासून एकेक नाव लिहून, गावोगावच्या ओळखीच्या माणसांना फोन करून विचारत गेलो. पोलीस, एसटीचे वाहक, तलाठी, झेडपीचे शिक्षक, पतसंस्थांचे कारकून, डाळिंबाचे बागायतदार. गलाईत गेलेले तर कितीतरी, पण आता ते हिशोब संगणकावर ठेवतात आणि जीएसटीचं विवरणपत्र स्वतः भरतात. आणि मुली. 73 व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा आल्या, 2011 साली महाराष्ट्रानं त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या, आणि आमच्या भागात त्या जागांवर उभं राहायला लिहिता-वाचता येणाऱ्या, कागद समजणाऱ्या बायका तयार होत्या, कारण त्या सकाळच्या गाडीनं बी.ए. होऊन गेल्या होत्या. अंगणवाडी सेविका, आशा, बचत गटांच्या सचिव, यांची यादी तर मी नंतर करायची सोडून दिली, इतकी लांबत गेली. पथकातल्या मॅडमनी ती यादी पूर्ण वाचली. आम्हाला ग्रेड मिळाली ती 'बी'. प्राचार्यांना वाईट वाटलं. मला नाही वाटलं. संशोधनाच्या रकान्यात आमच्याकडं लिहायला फारसं नव्हतं आणि जे होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

रविवारी कॉलेजात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं अभ्यास केंद्र चालतं. 1989 साली हे विद्यापीठ नाशिकला झालं आणि त्यानं आमच्यासारख्या कॉलेजांच्या रिकाम्या रविवारांना काम दिलं. त्या वर्गात बसणारी माणसं पाहिली की वाटतं, कॉलेज एका दाराचं असून चालत नाही. मुलाला प्रथम वर्षात घालायला आलेली आई पुढच्या वर्षी रविवारच्या वर्गात नाव घालून गेली, असं मी स्वतः पावती फाडून पाहिलं आहे.

वाढ झाली तशी पडझडही चालू आहे, ती लपवून उपयोग नाही. जुने प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरायला शासनाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि ते वर्षानुवर्षं येत नाही. मग तासिका तत्त्वावर माणसं घेतली जातात. पीएच.डी. झालेला, सेट झालेला मुलगा तासावर पैसे घेऊन शिकवतो, सुट्ट्यांचे पैसे नाहीत, बिलं कधी कधी वर्ष उलटल्यावर निघतात. आमच्या सुरुवातीच्या काळात प्राध्यापक कमी पैशात राबले, पण त्यांना पुढं काहीतरी दिसत होतं. गाव त्यांच्या पाठीशी होतं. आजच्या या मुलांना पुढं काय दिसतं? यांच्यातला एक आमचाच विद्यार्थी आहे, मेंढपाळाच्या घरातला, अर्थशास्त्र शिकवतो. त्याच्यापेक्षा चांगलं शिकवणारा माणूस मी त्या कॉलेजात पाहिलेला नाही. त्याला दरवर्षी जूनमध्ये नव्यानं अर्ज करावा लागतो.

2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत लागू झालं. चार वर्षांची पदवी, क्रेडिट, मुख्य विषय, दुय्यम विषय. त्यावर बोलायला मी आता ऑफिसात नाही, पण फोन येतात. चौथ्या वर्षाचा वर्ग आपल्याकडं निघेल का, त्याला संशोधनाचं मार्गदर्शन करणारा पूर्णवेळ प्राध्यापक दाखवता येईल का, हा प्रश्न प्राचार्यांनी मला विचारला. मंजूर पदं, भरलेली पदं, कार्यभार, गेल्या तीन वर्षांची तृतीय वर्षाची पटसंख्या, असा तक्ता करून द्या म्हणाले. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून भागात थोडा पैसा आला आहे, डाळिंबाच्या बागा झाल्या आहेत, आणि ज्यांना परवडतं ते मुलांना पुण्याला पाठवतात. त्यामुळं तृतीय वर्षात मुलगे घटलेत. मुली घटलेल्या नाहीत.

तो तक्ता मी घरी बसून केला. मराठी आणि भूगोल या दोन विषयांत चौथ्या वर्षाचा वर्ग निघू शकतो, एवढा पट आहे. भूगोलाचं पद मात्र गेल्या निवृत्तीपासून रिकामं आहे. त्याच्या ना हरकतीचं स्मरणपत्र पुन्हा पाठवायला हवं आणि त्याला जोडायची कागदपत्रं कोणती हे मी नव्या कारकून मुलीला लिहून दिलं आहे. तिनं मला विचारलं, मुक्कामी गाडीच्या वेळेत आगारानं बदल केलाय, ती आता वीस मिनिटं उशिरा सुटते, पहिला तास बुडतो, त्याचं काय करायचं. मी म्हटलं, आधी ते करू. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं आगारात जाणार आहोत, पासधारक मुलींची यादी घेऊन.